वास्तुपुरुष आणि खालचा मजला

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी मुंबईत, विलेपार्ल्याच्या पश्चिमेस, आपले पहिले घर घेतले. वास्तुशांतीच्या दिवशी होम आटोपल्यावर गुरुजींनी वास्तुपुरुषाची प्रतिमा हाती घेतली, आग्नेय कोपऱ्याकडे पाहिले आणि ते क्षणभर थबकले. परंपरेप्रमाणे ती प्रतिमा त्या कोपऱ्यात खड्डा खणून पुरावयाची असते. पण घर चौथ्या मजल्यावर. तेथे खड्डा खणावयाचा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला भोक पाडावयाचे. शेवटी एक फरशी उचलून, दोन बोटे खोल खोबण करून, प्रतिमा आत ठेवली गेली व वर सिमेंट बसले. गुरुजी हसून म्हणाले, "अलीकडे सगळीकडे असेच करावे लागते." सारे हसले. मीही हसलो, परंतु तो प्रसंग मनातून गेला नाही. आपण ज्याला आपली भूमी म्हणतो ती दुसऱ्या कोणाचे तरी छत असते, ही गोष्ट त्या गुरुजींच्या थबकण्याने मला जितकी स्पष्ट दिसली तितकी कोणत्याही प्रवचनाने दिसली नव्हती.

घर विकत घेणारा नेमके काय विकत घेतो? भिंती दोघांच्या समाईक, जिना सर्वांचा, जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावे असली तर असते, नसली तर बांधणाऱ्याच्याच नावे राहून गेलेली असते. २०१६ च्या कायद्याने निदान एवढे झाले की बांधणाऱ्याला भिंतींच्या आतले, म्हणजे चटईक्षेत्र सांगूनच नवी सदनिका विकावी लागते. तोवर जिन्याचा व गच्चीचा वाटाही आपल्या खोलीत मोजला जात असे. पण हे सारे मोजून झाल्यावरही किमतीचा एक मोठा भाग शिल्लक राहतो. वीट तीच, सिमेंट तेच, गवंडीही बहुधा त्याच गावचे. मग विरारला जी खोली अमुक रुपयांस मिळते तिच्यासाठी पार्ल्यात त्याच्या कितीतरी पट का मोजावे लागतात? स्टेशन जवळ, शाळा चांगल्या, कचेरी फार दूर नाही, ही कारणे खरी आहेत. तरी घर दाखविणारा दलाल शेवटी आवाज थोडा खाली आणून जे सांगतो तेच खरे मोलाचे असते: "वस्ती चांगली आहे, साहेब." या वाक्यातील 'चांगली' या शब्दाचा अर्थ तो उलगडत नाही आणि आपणही विचारीत नाही. तेथे कोण राहतात हे तो सांगतो, आणि कोण राहत नाहीत हेही.

पुतण्याला या शब्दाचा अर्थ प्रथम दुसऱ्या बाजूने कळला. आमची सूनबाई कारवारकडची, माहेर सारस्वत, घरची भाषा कोंकणी. हे घर मिळण्यापूर्वी त्या दोघांनी जवळच्याच एका इमारतीत एक सदनिका पसंत केली होती. विसार देण्याची वेळ आली तेव्हा दलालाने विचारले, "तुम्ही मासे खाता का?" सूनबाईने सरळ सांगितले, "सोमवार सोडून." दुसऱ्या दिवशी निरोप आला की मालकाचा विकण्याचा विचार बदलला. लेखी काही नाही, कोणी उद्धट बोलले नाही. वस्तुतः महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे पुरेशा कारणावाचून कोणासही सभासदत्व नाकारता येत नाही. म्हणूनच नकार सभेच्या वहीत न उतरता दलालाच्या तोंडून येतो. जिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या देवपूजाही होत आली आणि बांगड्याची आमटीही होत आली, तिला आपण अमंगळ आहोत असे सौम्य शब्दांत सांगितले गेले होते. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

पुढे चौथ्या मजल्यावरचे हे घर मिळाले. येथे माशांविषयी कोणी विचारले नाही. माझे व्याही घर पाहून आले आणि समाधानाने म्हणाले, "येथे सगळी आपलीच माणसे आहेत हो." मलाही बरे वाटले, हे मी लपवीत नाही.

चार महिन्यांनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची सदनिका विक्रीस निघाली. पुतण्याच्या कचेरीतील एका मुसलमान सहकाऱ्याने ती पाहिली, त्याच्या पत्नीला आवडली, भाव ठरला. मग समितीच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने पुतण्याला बोलावून चहा दिला आणि म्हटले, "तुमच्या ओळखीचे आहेत, तेव्हा तुम्हीच त्यांना सांगा. येथे जमणार नाही." पुतण्याने मला विचारले. मी म्हणालो, "तू नवा आहेस, एवढ्यात वितुष्ट नको. मालकाचा विचार बदलला म्हणून सांग." तेच वाक्य, जे सूनबाईला ऐकावे लागले होते, मी त्याच्या तोंडी घातले, आणि ते घालताना मला ते ओळखीचे वाटलेसुद्धा नाही. त्याने तसे सांगितले.

आपल्यापैकी पुष्कळांचे यावरचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते माझेही होते. समान आचाराची माणसे एकत्र राहिली तर सण साजरे होतात, म्हाताऱ्यांना सोबत मिळते, मुलांच्या कानी घरची भाषा पडते. यात कोणाचे काय बिघडते? हा आक्षेप टाकाऊ नाही, आणि त्याच्या पाठीशी मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्यातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली ती गावदेवीची सारस्वत संस्था. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तल्माकी यांची दृष्टी होती. आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने १९०६ साली त्यांनी सहकारी पतसंस्था काढली होती, तीच पुढे बँक झाली. उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेले कारकून व शिक्षक तेव्हा प्लेगने पछाडलेल्या शहरात मिळेल त्या चाळीत, मागेल ते भाडे देऊन दिवस काढीत होते. एकट्याला घर बांधणे अशक्य होते. पतपेढीला तारण दाखवावे असे त्यांच्याजवळ काही नव्हते. होती ती एकमेकांची ओळख. अमका कोणाचा कोण, त्याचा शब्द कसा, हे ठाऊक असणे हेच तारण ठरले. आणि त्या संस्थेची रचना तर आज ऐकून नवल वाटेल अशी होती: इमारत संस्थेची, आणि सभासद हा भागधारक असूनही राहावयाचा भाडेकरू म्हणून. 'माझे घर' असे तो म्हणे, पण त्यातला 'माझे' हा शब्द कागदावर 'आमचे' असाच होता.

न्यायालयानेही अशा एकत्र येण्यास नकार दिलेला नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा पोटनियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो वैध ठरविला. पण कायद्याने जे करता येते ते करावे की नाही हे ठरविण्याचे काम कायदा आपल्याकडेच ठेवतो. दारे सारखी दिसतात. प्रत्येक बंद दाराला एकच नाव देता येत नाही. हे मला मुंबईत नव्हे, तर नार्नूरला समजावयास हवे होते.

नार्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे. १९५६ पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात, आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. माझे वडील तेथे मराठी शाळेत मास्तर होते आणि आम्ही शाळेलगतच्या दोन खोल्यांत वाढलो. निवृत्ती जवळ आली तेव्हा वडिलांच्या मनात तेथेच जागा घेऊन घर बांधावयाचे होते. बेहड्याच्या झाडाजवळचा एक तुकडा त्यांनी हेरूनही ठेवला होता. पण नार्नूर अनुसूचित प्रदेशात येते. तेथील जमिनीच्या हस्तांतरणाचा १९५९ चा विनियम तेलंगणास १९६३ साली लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने तो इतका कडक झाला की आदिवासी नसलेल्या माणसाला दुसऱ्या आदिवासी नसलेल्याकडूनही तेथे जमीन घेता येत नाही. वडिलांना हा अपमान वाटला. तीस वर्षे ज्या गावच्या मुलांना बाराखडी शिकविली त्या गावात आपल्याला चार वीत जागा नाही, असे ते वारंवार म्हणत. आम्हा मुलांनाही तो घोर अन्याय वाटे.

त्या दाराच्या आत कोण होते आणि बाहेर कोण, हे आम्ही पाहिले नाही. त्या डोंगराळ मुलखातल्या गोंडांच्या जमिनी सावकार, व्यापारी आणि मैदानातून आलेले शेतकरी यांच्या हाती अंगठ्याच्या ठशांवर गेल्या होत्या, आणि त्या घेणाऱ्यांत मराठी बोलणारे थोडेथोडके नव्हते. कोमरम भीम निजामाच्या राजवटीशी लढला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला, तो याच जंगलाच्या व जमिनीच्या हक्कासाठी. वडिलांनी एकदा आपली तक्रार शेजारच्या एका वृद्ध गोंड गृहस्थाजवळ बोलून दाखविली. मी तेथे होतो. तो म्हातारा बराच वेळ चिलीम ओढीत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं घर दुसरीकडे होईल. आमचं होणार नाही." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पुढे चंद्रपूरला घर बांधले. बँकेने कर्जही दिले.

त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात जी कसोटी सांगितली ती मला गावदेवीलाही लावता येते आणि चौथ्या मजल्यालाही. १९१५ साली ज्यांनी दार लावून घेतले त्यांना बाहेर दुसरे दार नव्हते. शहर त्यांच्यापेक्षा बलवान होते. आज त्या कारकुनांच्या पणतवंडांना बँका आपण होऊन कर्ज देऊ करतात, शहराचा कोणताही भाग त्यांना बंद नाही, असलाच तर माशांपुरता. दुर्बळाने थंडीवाऱ्यापासून बचावासाठी घातलेली कडी सबळ झाल्यावरही तशीच राहिली, तर ती आता कोणाला थंडीत ठेवते हे पाहावयास नको काय? पुतण्याच्या त्या सहकाऱ्याला पगार होता, कर्ज मंजूर होते, आणि तरीही, त्यानेच एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितल्याप्रमाणे, हे त्याने पाहिलेले नववे घर होते. आपल्या सूनबाईचे दुसरे घर लागले आणि आम्ही केवढे दुःख केले!

वास्तुशांतीच्या विधीत वास्तुदेवतेबरोबर आसपासच्या भूतमात्रांनाही बली अर्पण केला जातो. त्या जागेवर आपल्याआधी जे कोणी राहत असतील, दिसणारे वा न दिसणारे, त्यांची समजूत घालूनच आपण राहावयास जावे, असा त्यामागचा भाव मला दिसतो. आपण भुतांची समजूत काढतो. माणसाला दलालामार्फत निरोप धाडतो.

परवा पुतण्याचा फोन आला. संस्थेची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे आणि दुसऱ्या मजल्यावरची ती सदनिका अजून विकली गेलेली नाही. "काका, मी सभेत बोलू का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "बोल. पण त्याआधी तुझ्या मित्राकडे जा आणि मालकाचा विचार बदलला नव्हता, हे त्याला सांग. माझे नाव घालून सांग."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, त्याला ते त्याच दिवशी कळलं होतं. तो हसून मला म्हणाला होता, 'तू वाईट वाटून घेऊ नकोस.'"