ओहोटीतली होडी आणि कोठारातले बीज

एखादी वस्तू खरोखर आहे असे कशावरून म्हणावे, या प्रश्नाला सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने दिलेले उत्तर ‘अर्थक्रियासामर्थ्य’ या एका शब्दात मावते; अर्थक्रिया म्हणजे वस्तूकडून प्रत्यक्ष घडणारे कार्य, आणि जे असे कार्य घडवू शकते तेच सत्, असा हा निकष आहे. दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या खाडीत, ओहोटीच्या वेळी गाळात कुशीवर कलंडलेल्या होडीला तो लावला की पंचाईत होते, कारण तरणे हे होडीचे कार्य आणि ही होडी तर तरत नाही. अशा होड्यांची छायाचित्रे काढणाऱ्याला त्यांखाली ‘अनित्यता’ असे लिहिण्याचा मोह सहज होतो. परंतु छायाचित्र हा अनित्यतेचा पुरावा ठरतो का, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

भारतीय तर्कपरंपरेत हाच वाद कोठारातल्या बीजावरून रंगला. कोठारात पडलेले बी अंकुरत नाही, शेतात पेरलेले अंकुरते. यावरून बौद्ध तार्किक म्हणतात की ती दोन बीजे एक नव्हेतच, कारण पहिल्यात सामर्थ्य असते तर त्याचे कार्य अडून राहिले नसते, आणि म्हणून प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नाहीशी होऊन तिच्या जागी तिच्यासारखी दुसरी उपजते. या मताला क्षणभंगवाद म्हणतात. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, बाजूने उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात त्याचे खंडन केले: बीज तेच असते, केवळ माती, पाणी इत्यादी सहकारी कारणे, म्हणजे मुख्य कारणाला साथ देणारी कारणे, कोठारात नसतात. होडीचे सहकारी कारण तर दिवसातून दोनदा निघून जाते आणि दोनदा परतते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, जेव्हा पाणी सर्वांत दूर हटते, तेव्हाची ओहोटी नेमकी सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सापडते. छायाचित्रकाराचे भाग्य असे पंचांगातच लिहिलेले असते.

बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’तील कोष्टकाप्रमाणे एका अहोरात्रात 64,80,000 क्षण होतात, म्हणजे एक क्षण सेकंदाच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागाएवढा भरतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या अडीचशेव्या भागात उघडून मिटतो, तेव्हा तो या क्षणाचेही तीनाहून अधिक तुकडे करतो, असे गमतीने म्हणता येईल. क्षणभंगवाद्याला याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार? तरीही हा साक्षीदार ऐनवेळी फितूर होतो, कारण इतक्या बारीक तुकड्याकडे पाहणारा माणूसही ‘ही होडी’ असेच म्हणतो, आणि तसे म्हणताना चौकटीत नसलेले पाणी तो मनाने तिथे आणतो.

हे पाणी निव्वळ कल्पनेतले नसते. होडीच्या अंगावर एक आडवी रेघ असते: तिच्या वर रंग शाबूत, खाली हिरवट शेवाळ आणि लाकडाला घट्ट चिकटलेले पांढरे, खरखरीत कवचांचे थर. न्यायशास्त्रात ज्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे अनुमान होते तिला हेतू किंवा लिंग म्हणतात. धुरावरून अग्नी, तसे या रेघेवरून पाणी. म्हणजे होडी कोरडी पडलेल्या चित्रातही तिच्या तरण्याची साक्ष असते, आणि इथे नैयायिकांचे पारडे जड दिसते.

मात्र त्यांच्या उत्तरालाही एक दुरुस्ती लागते. सहकारी कारण नसलेला काळ ते निव्वळ खोळंबा मानतात, आणि कोठारातल्या बीजापुरते ते पटते. पण ओहोटीत होडीवाला रिकामा बसत नाही. एरवी पाण्याखाली असणारा तळ हाताशी येतो तो याच काही तासांत, म्हणून तो खरवडणे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणे, वर तेलाचा हात देणे ही कामे भरती चढण्याआधी उरकावी लागतात. पाणी असताना जे होऊ शकत नाही ते पाणी नसल्यामुळे होते, तेव्हा अभावालाही इथे कारणांच्या यादीत जागा द्यावी लागते. छायाचित्रकाराला हवी असलेली शेवाळाची रेघ त्याच वेळी कुणीतरी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढत असतो, आणि तिचे हिरवे-पांढरे पापुद्रे खालच्या चिखलात पडत असतात.