जडाची प्रतिकृती आणि जीव

चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर उन्हाळ्यात पाणी ओसरते, काठचा गाळ वाळून त्यास भेगा पडतात. पावसाळ्यात तोच गाळ पुन्हा भिजतो. मुक्ताईनगर परिसरात हे दृश्य नित्याचे आहे. पृथ्वीच्या बाल्यावस्थेत अशाच वाळण्या-भिजण्याने साधे रेणू जुळून लांब साखळ्या झाल्या असाव्यात, असा रसायनशास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. सुधा राजमणी यांनी या दिशेने प्रयोग केले आहेत.

१९९६ साली कॅलिफोर्नियात रझा घादिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून विचारप्रवर्तक गोष्ट दाखविली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ३२ घटकांच्या अशा एका साखळीने १५ व १७ घटकांचे दोन तुकडे आपल्या अंगाशी जुळवून घेतले. ते सांधले जाऊन तिच्यासारखीच दुसरी साखळी झाली, आणि तीही पुढे तेच कार्य करू लागली.

येथे शंका अशी : जड स्वतःच स्वतःची प्रत काढू लागले, तर जीव हा निराळा नित्य पदार्थ कशास मानावा?

यावर कित्येक जण घाईने म्हणतात, ‘ते तुकडे शास्त्रज्ञांनीच घडविले होते, प्रयोगशाळेत जीव कोठे झाला?’ तुकडे घडविलेले होते हे खरे. परंतु हे उत्तर दुबळे आहे. दुसऱ्याच्या अपयशावर उभारलेला सिद्धांत त्याच्या यशाबरोबर कोसळतो. उद्या तुकडेही आपोआप घडले, तर असे म्हणणाऱ्याने काय करावे?

समाधान पदार्थविवेकात आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परभिन्न आहेत. देह हा कार्यप्रपंच; तो कसा घडतो हे शोधणे रसायनशास्त्राचे काम, आणि त्यात त्याने कितीही मजल मारली तरी सिद्धांतास बाध येत नाही. साखळी प्रत काढते, पण तिला सुख नाही, दुःख नाही, बंधाची जाणीव नाही, मोक्षाची योग्यता नाही. जीव ओळखावयाचा तो भोक्तेपणावरून. संख्या वाढविण्याच्या सामर्थ्यावरून नव्हे.

अहिंसेचा आधारही हाच. मुंगी वाचवावयाची ती तिचा देह घडविणे अशक्य आहे म्हणून नव्हे, तर तिला पीडा होते म्हणून. उद्या देहाची सारी घडण मनुष्यास उमगली, तरी त्या पीडेचे उत्तरदायित्व तसूभरही कमी होणार नाही.