दुसऱ्या बाजूचा आकडा

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये प्रेसमधून रुईची गाठ बाहेर येते. वजन 170 किलोच्या आसपास. हमाल कितीही तगडा असो, एकटा तिच्या वाटेला जात नाही. दोघं दोन बाजूंनी आकडे रोवतात, एकमेकांकडे बघतात आणि एका दमात गाठ हलवतात.

एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस थेट लिव्हरपूलच्या बाजारात नावानं ओळखला जाई. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. त्या भागातले गिरणी आणि खाण कामगार शनिवारी रग्बी खेळत आणि त्यापायी त्यांची मजुरी बुडे. ती भरून देण्याची मुभा रग्बी संघटनेनं क्लबांना नाकारली, तेव्हा 1895 साली उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच आजची रग्बी लीग.

या खेळात फॉरवर्ड म्हणजे धडका झेलणारा गडी. समोरच्या भिंतीवर आदळायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा आदळायचं. वाट त्यानं करायची आणि त्या वाटेनं धावायचं दुसऱ्यानं. ओल्डहॅम या गिरण्यांच्या गावात जन्मलेला केविन सिनफिल्ड असाच लूज फॉरवर्ड. त्याच्या कप्तानीत लीड्सच्या संघानं सात वेळा सुपर लीग स्पर्धा जिंकली. संघात त्याचा जिवलग होता रॉब बरो. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, पण पाय वाऱ्यासारखे.

2019 साली रॉबला मोटर न्यूरॉनचा आजार झाल्याचं कळलं. या आजारात स्नायू एकेक करून साथ सोडतात. सिनफिल्ड तोवर लीगमधून निवृत्त झाला होता. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मित्राच्या आजारासाठी निधी उभारायला तो सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. 14 मे 2023 ला लीड्समध्ये त्यानं रॉबची चाकाची खुर्ची ढकलत 42 किलोमीटर पार केले. शेवटची रेषा समोर दिसताच तो थांबला. वाकून त्यानं रॉबला दोन्ही हातांवर उचललं, छातीशी धरलं आणि दोघांनी मिळून रेषा ओलांडली. वर्षभरानं, जून 2024 मध्ये, रॉब गेला.

जर्सी उतरली तरी दुसऱ्याचा भार वाहण्याची सवय उतरत नाही. फॉरवर्डची खरी कमाई तीच.

आपल्या ओळखीतलं कुणीतरी आज एकटंच गाठीपाशी उभं असेल. ते हाक मारेलच असं नाही. दुसऱ्या बाजूचा आकडा आपणच जाऊन धरावा.