आता या वयात

गाभाऱ्याच्या शिळांना तडे गेले म्हणून तुळजापुरात कुणी म्हटलं का, ‘देऊळ जुनं झालं, आता कशाला हात लावायचा?’ शिखर उतरवायचं की नाही यावर वाद पेटला, पण जपायचं यावर एकमत. त्याच गावात ऐंशी ओलांडलेल्या आजीच्या गालात मिश्रीनं गाठ धरली, की सगळं घर एका सुरात म्हणतं: आता या वयात काय करायचंय?

मोठं सोयीचं वय आहे हे. याच वयात ती पहाटे चूल पेटवते, याच वयात पणतू सांभाळते, याच वयात वाटणीच्या कागदावर तिचा अंगठा चालतो. जमिनीला वय आड येत नाही, जबड्याला येतं. आणि ते ‘पिकलं पान’! या स्तंभाचा त्या शब्दांवर जुना राग आहे. पान गळताना त्याच्या तोंडातून लाळ गळत नाही, भाकरीचा घास बाहेर येत नाही.

पैशाचं रडगाणं वेगळं. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून उत्पन्न न विचारता आयुष्मान भारतात घेतलं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयही सातासमुद्रापार नाही.

‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटलं की पारावर हशा: म्हातारीला काय हिरॉईन व्हायचंय? गाल काढल्यावर पडलेलं भगदाड छातीचा स्नायू आणि कातडी वळवून बुजवतात, ते घास तोंडात राहावा म्हणून. पायाच्या हाडाचा जबडा करायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्यात तासन्‌तास जातात. थकलेल्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. मग छातीचा मार्ग बरा. जोडलेलं मांस म्हाताऱ्या अंगातही बहुधा धरतं. धोका वाढतो तो सोबतच्या दुखण्यांनी. म्हणून जाणता डॉक्टर जन्मसालावर थांबत नाही. दम, चालणं, स्मरण, घरचा आधार पाहतो.

पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानं कपाळाची कातडी वळवून कावसजी गाडीवानाचं कापलेलं नाक उभं केलं, ते १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आलं. बैलगाडी हाकायला नाक कशाला लागतं, असं त्याला कुणी विचारल्याची नोंद नाही.

आजीनं सगळं ऐकून ‘नको’ म्हटलं, तर नको. दुखणं थांबवणारी औषधं आणि घरचं अंथरूण, हाही उपचारच. पण बहुतेक घरांत हे ‘नको’ थोरला म्हणतो, तेही तिच्यादेखत. तिला विचारा. ऐकू येत नसेल तर जरा मोठ्यानं.