बाजू आणि धर्म

काल सरकारच्या वतीने आरोपीला शिक्षा मागणारा वकील आज भरघोस मानधन घेऊन आरोपीच्या बाजूने उभा राहतो, यास निष्ठाबदल म्हणावे काय? अमेरिकेत केंद्र सरकारच्या वकिलांचे असे जाणे-येणे नित्याचे आहे. तेथील कायद्याची त्यास हरकत नाही. मात्र ज्या खटल्यात सरकारी सेवेत असताना महत्त्वाचा भाग घेतला, त्याच खटल्यात सरकारपुढे दुसऱ्या कोणाची बाजू मांडण्यास तो कायमची मनाई करतो. अनुभव सोबत न्यावा, विश्वासाने सोपविलेले प्रकरण नेऊ नये, असा हा विवेक आहे.

खरी अडचण याहून सूक्ष्म आहे. सरकारी वकिलाचे हित खटला जिंकण्यात नसून न्याय होण्यात आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली बर्जर खटल्यात सांगितले. खासगी वकिलाने मात्र कायद्याच्या मर्यादेत अशिलाचेच हित पाहावयाचे. बाजूबरोबर धर्मही बदलतो. जिंकण्याची सवय घेऊन सरकारी कचेरीत परतणारा म्हणूनच धोक्याचा.

न्याय विभागाच्या फौजदारी शाखेचे प्रमुखपद भूषविलेले रॉबर्ट म्युलर १९९३ साली बोस्टनमधील एका नामांकित वकीलसंस्थेत गेले. १९९५ साली ती प्राप्ती सोडून ते राजधानी वॉशिंग्टनमध्ये, पूर्वीच्या पदाहून कितीतरी खालच्या जागेवर, खुनाचे खटले चालवू लागले. यातील त्याग सहज दिसतो. परंतु अशा परतण्याचे नैतिक मोल एकाच गोष्टीवर ठरते : आरोपीशेजारी बसून पाहिलेली सरकारची ताकद, ती पुन्हा हाती आल्यावर, वकिलाला आठवते की नाही.