आजीला काही कळत नाही?



पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध मंडळींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते. "फादर, आजीला आता काही कळत नाही." असे सांगणारी सून किंवा मुलगा वाईट नसतो. तो थकलेला असतो. आजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. आम्हीही मान डोलावतो, छोटीशी प्रार्थना करतो, ख्रिस्तप्रसाद देतो आणि पुढच्या घरी जातो. यादीत अजून चौदा-पंधरा घरे बाकी असतात.

अशाच एका घरी आम्ही दोन वर्षे जात होतो. आजीबाई कधी उत्तर देत नसत. एकदा त्यांची नात सुटीवर आली होती. मुलगी नर्सिंग शिकते. तिने आजीला कानाच्या डॉक्टरांकडे नेले, मळ काढून घेतला, पुढे कानाचे यंत्रही आणले. त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही प्रार्थना संपवून उठतो तोच आजी म्हणाल्या, "फादर, तुम्ही नेहमी एवढे घाईत का असता?" जिला काही कळत नाही असे आम्ही दोन वर्षे धरून चाललो होतो, तिला आमची घाई मात्र बरोबर कळत होती. त्यांचा विसर गेला असे नाही. काल काय जेवलो हे त्यांना आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. आपण ज्याला वय म्हणतो, त्यात वय किती आणि आपण त्या माणसाभोवती उभी केलेली परिस्थिती किती?

या प्रश्नाचे एक उत्तर कॉन्व्हेंटमधूनच आले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मॅनकेटो नावाचे गाव आहे. तेथील 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघातील भगिनींकडे डेव्हिड स्नोडन नावाचे संशोधक 1986 साली गेले. पुढे त्या संघाच्या इतर कॉन्व्हेंटमधील भगिनीही सामील झाल्या. 75 वर्षांवरील 678 भगिनींनी दरवर्षी स्मरणशक्तीची तपासणी करून घेण्याचे आणि मरणोत्तर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचे मान्य केले. आयुष्यभर मुलांना शिकवले, आता मेल्यावरही शिकवू, अशीच त्यांची वृत्ती म्हणायची.

संशोधकाला भगिनीच का हव्या होत्या? कारण त्यांचे प्रौढ जीवन जवळजवळ एकसारखे होते. तेच जेवण, तेच छप्पर, तीच औषधोपचाराची सोय. तंबाखू नाही, बाळंतपण नाही, नवऱ्याच्या नोकरीची काळजी नाही. तरीही एक नव्वदीत लख्ख बुद्धीची, तर दुसरी पंचाहत्तरीत स्वतःचे नाव विसरलेली. एक भगिनी 101 व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या. मरणोत्तर तपासणीत मात्र त्यांच्या मेंदूत अल्झायमर रोगाच्या खुणा भरपूर आढळल्या. म्हणजे रोग होता, पण तो वागण्या-बोलण्यात उतरला नव्हता.

कॉन्व्हेंटच्या कपाटात आणखी एक ठेवा मिळाला. व्रतबद्ध होण्यापूर्वी, विशी-बाविशीत, या भगिनींनी आपले लहानसे आत्मवृत्त लिहिले होते. ज्यांच्या लिखाणात एकेका वाक्यात विचार दाट भरलेले होते, त्यांच्यात साठ वर्षांनी स्मृतिभ्रंश कमी दिसला. यावरून अमुक कारणाने तमुक झाले असे सिद्ध होत नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु बाविसाव्या वर्षी दाट लिहिणारी मुलगी आकाशातून पडत नाही. घरात तिच्याशी कोणी तरी बोललेले असते, कोणी तरी तिला पुस्तक दिलेले असते, शाळेत पाठवलेले असते.

येथे आपल्याला आपल्या गावाकडे पाहावे लागते. आज आपल्या पुढच्या बाकांवर बसणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या किती मातांना चौथीनंतर शाळेतून काढले गेले? धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, वाडीला पाणी कोण लावणार, भाजीची टोपली बाजारात कोण नेणार, असे प्रश्न तेव्हा होते. भारतात 60 वर्षांवरील लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार शंभरांत सुमारे सात, म्हणजे देशभरात 88 लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. 2024 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने, टाळता किंवा कमी करता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, मधुमेह, रक्तदाब, एकटेपणा आणि दूषित हवाही आहे. (अति मद्यपानही आहे. आपल्या लग्नाच्या हळदीला आम्ही येतो, तेव्हा याविषयी बोलायची सोय नसते, म्हणून येथे लिहून ठेवतो.)

आता या यादीकडे नीट पाहा. त्यातील काही गोष्टी माणसाच्या स्वतःच्या हातात आहेत. पण दहा वर्षांच्या मुलीचे शिक्षण तिच्या हातात नव्हते. नाक्यावर कचरा जाळला जातो, तो धूर खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात नाही. मुलगा आखातात किंवा कॅनडात, जुने घर पाडून तिथे इमारत आणि चौथ्या मजल्यावर आई एकटी, हेही तिच्या हातात नाही. पूर्वी ओटीवर बसलेल्या म्हातारीला येणारा-जाणारा काही ना काही विचारून जाई. त्या विचारण्याला कोणी औषध म्हटले नाही. आम्हीही ते दिवस उगाच गोड करू इच्छित नाही; त्याच ओटीवर सुनेला बसायची मुभा नव्हती. तरी चौथ्या मजल्याच्या बंद दारापेक्षा मेंदूला ती ओटी बरी होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देकार्त आम्हाला फार आवडे. विचार करणारा आत्मा एकीकडे, शरीर दुसरीकडे, सगळे स्वच्छ. संत थॉमस अक्वायनस तेव्हा जड वाटत. आता वृद्धांच्या खाटेपाशी बसल्यावर त्यांचेच बरोबर वाटते. या जीवनात बुद्धी इंद्रियांनी आणलेल्या प्रतिमांकडे वळल्यावाचून काहीच समजू शकत नाही, असे ते सांगतात आणि मेंदूला इजा झाली की विचारही अडतो, हा दाखलाही देतात. तेराव्या शतकात! याचा सरळ अर्थ असा की कान, डोळे आणि समोरचा माणूस ही बुद्धीच्या अन्नाची दारे आहेत. जिच्याशी महिनोन्‌महिने कोणी बोलत नाही, तिला आपण उपाशी ठेवतो. आणि मग म्हणतो, तिला काही कळत नाही.

पण याच ठिकाणी आम्हाला दुसऱ्या बाजूची भीती वाटते. हे वाचून कोणी असे समजू नये की ज्यांच्या घरी अल्झायमर आला, त्यांनी सेवा कमी केली. लॅन्सेटच्या मंडळाचा अंदाज असा आहे की ती सर्व चौदा कारणे दूर केली, तरी सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल. उरलेल्या निम्म्याहून अधिकांपुढे आज आपले काही चालत नाही. मॅनकेटोच्या ज्या भगिनी नाव विसरल्या, त्यांनीही तीच पहाटेची प्रार्थना केली होती, तीच जपमाळ ओढली होती. त्या कमी पवित्र नव्हत्या. प्रार्थना केली की स्मरणशक्ती टिकते, असा सौदा देवाने कोणाशी केलेला नाही.

मग ती विसरलेली आजी कोण आहे? इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याचे मत होते की माणसाची ओळख त्याच्या स्मृतीच्या धाग्याने टिकते. धागा तुटला की काय उरले? आमचे उत्तर चर्चच्या दारापाशी असलेल्या स्नानसंस्काराच्या कुंडाशी आहे. आपण तेथे बाळ घेऊन येतो. त्याला काही कळत नाही, पुढे काही आठवणार नाही. त्याच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता श्रद्धा प्रकट करतात आणि चर्च ती मान्य करते. त्या दिवशी कोणी म्हणत नाही की याला काही कळत नाही, मग हा कोण? आयुष्याच्या त्या टोकाला जे चालते, ते या टोकाला का चालू नये? आजीची जपमाळ अर्ध्यावर थांबली, तर पुढचा मणी नातवाने ओढावा. पवित्र कुटुंबाच्या सणाला बेनसिराच्या ग्रंथातील वाचन आपण ऐकतो. पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याच्याशी समजुतीने वाग, असे तेथे मुलाला बजावले आहे. बुद्धी असेपर्यंत मान दे, असे तेथे म्हटलेले नाही.

येत्या पहिल्या शुक्रवारपासून आजाऱ्यांच्या भेटी दोन दिवसांत विभागल्या आहेत, म्हणजे प्रत्येक घरी थोडा अधिक वेळ बसता येईल. यादी सूचनाफलकावर लावली आहे. आम्ही येऊ तेव्हा कृपया टीव्ही बंद ठेवावा, आजी-आजोबांना चष्मा व कानाचे यंत्र लावून ठेवावे आणि त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. उत्तर यायला वेळ लागला तर आम्ही थांबू.

तुमचे धर्मगुरू