मोबदला दिल्यानंतर

काही प्रश्न माणसाला नोकरीत असताना पडत नाहीत. पडायला सवड नसते. निवृत्तीनंतर ते सावकाश येऊन समोर बसतात. येथे मांडतो आहे तो प्रश्न असाच आहे. एखादी वस्तू कायद्याप्रमाणे घेतली, तिचा ठरलेला मोबदला चुकता केला आणि ती घेतल्याने पुष्कळांचे कल्याण झाले, म्हणजे घेणारा देणेमुक्त होतो काय?

हा प्रश्न मला घरापासून फार दूर, कॅलिफोर्नियात, मोटारीच्या मागच्या आसनावर बसून प्रवास करताना पडला. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. तिने आणि जावयांनी चार दिवसांचा बेत आखला होता. सिएरा नेवाडा पर्वतातील सिकोया वृक्षांचे अरण्य पाहायचे, मग पर्वताला दक्षिणेकडून वळसा घालून मोजावेचे वाळवंट आणि शेवटी ‘डेथ व्हॅली’. नकाशात ही दोन टोके शेजारी दिसतात. मध्ये पर्वत आहे आणि त्या भागात तो ओलांडणारा मोटाररस्ता नाही. त्यामुळे शेजारच्या घरी जाण्यासाठी सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालावी तसे होते.

अरण्यातील ‘जनरल शेर्मन’ हा वृक्ष आकारमानाने जगातील सर्वांत मोठा मानला जातो. उंची सुमारे ८४ मीटर, बुंध्याचा घेर ३१ मीटर, वय अंदाजे २,२०० वर्षे. आपल्याकडे सातवाहनांची लेणी कोरली जात होती त्या सुमारास हे रोप उगवले असावे. त्या वृक्षाखाली उभे राहिल्यावर बोलणे आपोआप थांबते. मला मात्र त्या वृक्षापेक्षा, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेल्या जुन्या खुंटांनीच अधिक काळ गुंतवून ठेवले. १८९१ साली ‘मार्क ट्वेन’ नावाचा असाच एक वृक्ष तोडण्यात आला. तेराशेंहून अधिक वर्षांचा तो वृक्ष दोन माणसांनी तेरा दिवस करवतून पाडला. त्याच्या बुंध्याचे आडवे काप न्यूयॉर्क आणि लंडन येथील संग्रहालयांत गेले, कारण असा वृक्ष असू शकतो यावर दूरच्या लोकांचा विश्वास बसत नव्हता. एखादी गोष्ट आहे हे पटविण्यासाठी ती नाहीशी करावी, असा हा प्रकार.

इतर वृक्षांना तर एवढाही मान मिळाला नाही. सिकोयाचे लाकूड ठिसूळ असते. एवढे प्रचंड धूड जमिनीवर आदळले की त्याच्या चिरफळ्या उडतात. जे हाती लागे त्याच्या कुंपणाच्या मेखा आणि छपराच्या फळ्या होत. दोन हजार वर्षांचे झाड आणि द्राक्षवेलीला आधार देणारी काठी! हे वाचताना मला एकाएकी निमाडातील एक आंब्याचे झाड आठवले, आणि पुढचा सारा प्रवास त्या झाडाच्या सोबतीने झाला.

नव्वदच्या दशकात मी उपविभागीय अधिकारी होतो आणि एका धरणाच्या बुडित क्षेत्राच्या भूसंपादनाचे काम माझ्याकडे होते. १८९४ चा कायदा लागू होता. कलम चारची अधिसूचना, सहाचे जाहीर प्रकटन, नऊच्या नोटिसा आणि अकराखाली निवाडा, ही त्याची पायरी-पायरीची वाट. बाजारभावावर तीस टक्के दिलासा रक्कम. झाडांसाठी वेगळा तक्ता असे. फळझाडाची किंमत त्याच्या पुढील उत्पन्नावरून काढावयाची. फळ धरण्याचे वय संपले असेल, तर ते झाड सरपण म्हणून वजनावर मोजावयाचे. एका वृद्ध शेतकऱ्याच्या बांधावरचा आंबा असा सरपणात निघाला. सुनावणीच्या दिवशी तो म्हातारा रकमेविषयी काही बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, की आमच्या चार पिढ्यांची लग्ने ज्याच्या सावलीत ठरली, ते झाड साहेबांच्या कागदावर सरपण कसे झाले? मी त्याला तक्ता दाखवला. त्याला वाचता येत नव्हते. त्याने अंगठा उठवला आणि तो निघून गेला. निवाड्यात कायद्याची चूक एकही नव्हती, हे मी आजही सांगू शकतो.

अरण्यातून उतरलो की संत्र्यांच्या बागा लागतात, मग बेकर्सफील्डच्या आसपासचे तेलाचे पंप, त्यानंतर तेहाचापीच्या डोंगरांवरील पवनचक्क्या, आणि त्या ओलांडल्यावर जोशुआची काटेरी झाडे. पश्चिमेकडून येणारे ढग पर्वतावर रिते होतात. पूर्वेला उरते ती पर्जन्यछाया. एकाच पर्वताच्या एका उतारावर अरण्य आणि दुसऱ्या पायथ्याशी वाळवंट, हा निसर्गाचा अन्याय म्हणता येणार नाही. तेथे कोणी निवाडा लिहिलेला नसतो. पण पुढे ओलांचा या वस्तीपाशी रस्ता वळतो, आणि डावीकडे एक विस्तीर्ण, पांढुरके, सपाट मैदान दिसते. मुलगी म्हणाली, “बाबा, हे सरोवर होते.”

ते ओवेन्स सरोवर. पर्जन्यछायेत असूनही सिएराच्या बर्फाचे पाणी ओवेन्स नदीतून तेथे येत असे आणि सुमारे २८० चौरस किलोमीटरचा जलाशय भरलेला राही. लॉस एंजेलिस हे वाढते शहर होते आणि त्याला पाणी पुरत नव्हते. शहराने खोऱ्यातील जमिनी आणि त्यांबरोबरचे पाण्याचे हक्क विकत घेतले, विल्यम मुलहॉलंड या अभियंत्याने ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा बांधला, आणि ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी शहराकडे पोहोचले. एकही पंप न लावता, केवळ उतारावर पाणी नेण्याची ती करामत स्थापत्यशास्त्रात आजही वाखाणली जाते. १९२६ पर्यंत सरोवर कोरडे झाले. उरलेल्या क्षारांची धूळ वाऱ्याबरोबर उडू लागली, आणि ती जागा अमेरिकेतील सूक्ष्म धुळीचे सर्वांत मोठे एकटे उगमस्थान ठरली.

या व्यवहारात लबाडी नव्हती असे नाही. जमिनी विकणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत होती, की केंद्र सरकारच्या सिंचन योजनेसाठीच ही खरेदी चालली आहे. आणि त्या सरकारी खात्याचा एक अधिकारी त्याच वेळी शहराकडूनही मेहनताना घेत होता. परंतु लबाडी बाजूला ठेवू, कारण तिचा न्याय करणे सोपे असते. अवघड भाग तो, जेथे सर्व काही रीतसर आहे. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराच्या बाजूने कौल दिला तो याच तत्त्वावर, की मूठभर शेतकऱ्यांपेक्षा लाखो नागरिकांच्या उपयोगाला ते पाणी आले तर त्याचे मोल कितीतरी अधिक. हा युक्तिवाद मला परका वाटला नाही. बहुजनहिताय हे शब्द मीही अनेक टिपणींत वापरले आहेत. आणि आम्ही इंदूरकर तर सुमारे सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून वर चढविलेले नर्मदेचे पाणी १९७८ पासून पितो. त्या पाण्याने नर्मदा आटली नाही, हे खरे. पण दूरचे पाणी नळाला आल्याचा आनंद काय असतो, हे ज्याने टँकरमागे धावून पाहिले आहे त्याने लॉस एंजेलिसच्या नागरिकांना दूषणे देण्यापूर्वी थोडे थांबावे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. ज्या शेतकऱ्यांचे पाणी गेले, ते तरी त्याचे मूळ धनी होते काय? त्या खोऱ्यात पायूट लोक पूर्वीपासून राहत होते आणि ओढ्यांचे पाणी चर खणून जमिनीवर फिरवीत होते. त्यांच्या भाषेतील खोऱ्याच्या नावाचा अर्थच ‘वाहत्या पाण्याची भूमी’ असा आहे. १८६३ साली सैन्याने त्यांपैकी सुमारे हजार जणांना हाकलून दूरच्या फोर्ट तेहोनला नेले, आणि मग वसाहतवाल्यांची शेती बहरली. म्हणजे शहराने ज्यांचे घेतले, त्यांनीही कोणाचे तरी घेतलेच होते. मग कोण कोणाचे देणे लागतो? असे मागे जात राहिलो तर सगळ्यांचे हिशेब एकमेकांत वजा होऊन शून्य उरेल, असे म्हणण्याचा मोह होतो. मला हे पटत नाही. सावकार स्वतः कर्जबाजारी असला म्हणून त्याच्याकडून घेतलेले कर्ज फिटत नाही. साखळीतील प्रत्येक कडीचे ऋण वेगळे आहे, आणि प्रत्येकाने आपल्या हातातली कडी तेवढी पाहायची आहे.

मुलहॉलंडचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. १९२८ च्या मार्चमध्ये त्याने बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण फुटले आणि चारशेंहून अधिक माणसे बुडाली. चौकशीत त्याने दुसऱ्या कोणावर दोष ढकलला नाही. चूक माणसाची असेल तर तो माणूस मीच, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. एका अधिकाऱ्याच्या तोंडी हे उत्तर किती दुर्मिळ आहे ते मी जाणतो. पण धरण फुटले म्हणजे चौकशी बसते. सरोवर आटले तर बसत नाही, कारण तेथे काहीच कोसळलेले नसते. सर्व काही योजनेप्रमाणे झालेले असते. माझ्या मते आपल्या अपयशाची जबाबदारी घेणे हे धैर्य आहे. पण आपल्या यशाची किंमत कोणी मोजली हे विचारणे त्याहून अवघड आहे.

उत्तराचा एक धागा मला पुन्हा त्या अरण्यातच सापडला. १८९० साली सिकोया राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके रखवालदारांनी प्रत्येक वणवा प्रामाणिकपणे विझविला. परंतु सिकोयाची फळे आगीच्या उष्णतेने उघडतात आणि त्याचे बी राखेने मोकळ्या झालेल्या मातीत रुजते. आग विझविल्याने नवी रोपे उगवेनात, आणि झाडांखाली वाळलेले काष्ठ साचत गेले. १९६० च्या दशकातील संशोधनाने हे दाखविले, आणि १९६८ पासून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच मर्यादित आग लावण्यास प्रारंभ केला. ज्या खात्याने पिढ्यान्‌पिढ्या आग विझविण्यात भूषण मानले, त्याने आपले चुकले हे कृतीने मान्य केले. उशीर मात्र झाला होता. साचलेले इंधन आणि वाढती उष्णता यांमुळे २०२० व २०२१ च्या वणव्यांत जगातील मोठ्या सिकोयांपैकी तेरा ते एकोणीस टक्के वृक्ष गेले असावेत, असा अंदाज आहे. तरीही काम थांबलेले नाही. पूर्ण भरपाई होऊ शकत नाही, हे भरपाई न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

न्यायालयेही या दिशेने चालत आली आहेत. ओवेन्सच्या उत्तरेस मोनो सरोवर आहे. त्याचे ओढेही याच शहराने १९४१ पासून वळविले होते. १९८३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पाण्याचा हक्क एकदा दिला म्हणून राज्याचे विश्वस्तपद संपत नाही. त्या हक्काचा पुनर्विचार होऊ शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात हेच विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारताना मोनोच्या निर्णयाचा आधार घेतला. ओवेन्सच्या धुळीसाठीही १९९८ साली करार झाला आणि २००१ पासून शहराला सरोवराच्या तळावर पुन्हा पाणी सोडावे लागले. त्या उथळ पाण्यावर मला पक्ष्यांचा एक थवा उतरलेला दिसला. शहराने हे पश्चात्तापाने केले असे नाही, करावे लागले म्हणून केले. पण सक्तीने फेडले तरी ऋण फिटतेच.

आम्ही संध्याकाळी डेथ व्हॅलीतील बॅडवॉटरला पोहोचलो. समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. पायांखाली मिठाचा थर. या प्रदेशाचे रहिवासी असलेल्या टिंबिशा लोकांना ‘मृत्यूची दरी’ हे नाव मान्य नाही. त्यांच्या लेखी ती जिवंत मायभूमी आहे. २००० साली कायदा करून त्यांना काही हजार एकर जमीन परत देण्यात आली. आपण ज्याला ओसाड म्हणतो ते कोणाचे तरी अंगण असते. तक्त्यात तसा रकाना नसतो, एवढेच.

परत आल्यावर मी त्या म्हाताऱ्याच्या पुनर्वसित वस्तीत गेलो. तो केव्हाच वारला होता. त्याचा नातू भेटला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, मुले इंग्रजी शाळेत जातात. त्याने चहा पाजला. धरणाने बरेच झाले, असे तो मनापासून म्हणाला. आंब्याच्या झाडाविषयी विचारले, तर त्याला ते आठवत नव्हते.

येताना वाटले, झाले, सुटलो. ज्याचे देणे होते तोच पावती देतो आहे. पण घरी पोहोचेपर्यंत ते समाधान टिकले नाही. मागणारा उरला नाही म्हणून देणे संपत नाही. उलट ते लक्षात ठेवण्याचे काम घेणाऱ्यावर येते. धरण चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. निवाडाही बदलणार नाही. मात्र मोबदला दिल्याने आपल्याला घेण्याचा अधिकार मिळतो, विसरण्याचा मिळत नाही, एवढे त्या प्रवासाने मला शिकविले. म्हणून, ज्या झाडाची नोंद मी एकदा सरपण म्हणून केली, त्याची दुसरी नोंद येथे करून ठेवतो: तो आंबा होता. त्याच्या सावलीत एका घराच्या चार पिढ्यांची लग्ने ठरली होती.